सावलीतली सायकल

वर्धेहून सेवाग्रामला कधी सायकलने गेला आहात? अंतर जेमतेम आठ किलोमीटर. रमतगमत पायडल मारलं तरी पाऊण तासात तुम्ही बापूकुटीपाशी! गांधीजी तर १९३६ साली पायीच गेले होते. (तेव्हा गावाचं नाव शेगाव. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोटाळा व्हायचा, म्हणून १९४० मध्ये ते सेवाग्राम झालं.)

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. मोटारवाल्याने काच वर केली की झालं. सायकलवाल्याला मात्र सावली हवीच. २०२० साली रुंदीकरणासाठी याच रस्त्यावरची मोठाली झाडं तोडायला सुरुवात झाली. वर्धेकरांनी विरोध केला, तेव्हा कुऱ्हाड थांबली.

रस्ता रुंद झाला की सायकलचीही सोय होते, असं वाटतं ना? छे! मोटारींचा वेग तेवढा वाढतो आणि सायकल जाते कडेच्या गिट्टीत.

माझी भाची आठवीत आहे. शाळा दोन किलोमीटरवर, सायकलही चांगली चालवते. पण ताई पाठवत नाही. "ट्रकखाली आली म्हणजे?" म्हणते. ताईची भीती काही खोटी नाही. मग तीच स्कूटरवरून सोडायला जाते. अशा सगळ्या आयांच्या स्कूटरींनी शाळेच्या फाटकाशी ही गर्दी!

नेदरलँड्स हा आज सायकलींचा देश. पण तिथे १९७१ साली रस्त्यांवरच्या अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांत चारशेवर मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले. आणि मुलं? ॲमस्टरडॅमच्या एका दाट वस्तीतल्या शाळकरी पोरांनी १९७२ मध्ये सह्या गोळा केल्या, आपली गल्ली मोटारींना बंद करून दाखवली! पुढे हळूहळू रस्तेच बदलले. मोठ्या रस्त्यांवर सायकलींना वेगळी वाट मिळाली, गल्ल्यांत मोटारींचा वेग कमी केला गेला.

पुण्यानेही २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. पण नुसती रंगवलेली पट्टी म्हणजे मोटारसायकली लावायला आयती जागा. मध्ये कठडा हवा.

सेवाग्रामच्या रस्त्याला तो बांधायचीही गरज नाही. झाडं आहेत तिथेच राहू द्यावीत आणि त्यांच्या पलीकडून, शेतांच्या बाजूने, सायकलची वाट काढावी. झाडांचीच रांग कठडा! जागा पुरेल का? या रविवारी जाल तेव्हा झाडापासून शेताच्या धुऱ्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजा आणि मला कळवा.