चार ओळींचा रिपोर्ट

पूर्वी जठराच्या कॅन्सरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट चार ओळींत संपायचा. पहिलीत जठराचा भाग केवढा आणि गाठ किती सेंटिमीटरची. दुसरीत ‘अ‍ॅडिनोकार्सिनोमा’, त्यापुढे ‘मॉडरेटली’ किंवा ‘पूअरली डिफरन्शिएटेड’. तिसरीत गाठ भिंतीत किती खोल उतरली आहे, लसिकाग्रंथी किती सापडल्या आणि त्यांतल्या किती बाधित. चौथीत कापलेल्या कडा मोकळ्या आहेत की नाहीत. खाली सही. टाइपरायटरला कार्बन लावून तीन प्रती निघत आणि तिसरीवरची अक्षरं सर्जनला वाचता येत नसत, म्हणून ते थेट आमच्या खोलीत येऊन विचारत.

आज माझ्या विद्यार्थिनीच्या संगणकावर त्याच आजाराचा रिपोर्ट तीन पानं खातो. हर-टू, दुरुस्ती करणारी चार प्रथिनं, पीडी-एल-वनचा स्कोअर, क्लॉडिन, ईबीव्ही. मी अजून सवयीने शेवटचं पान आधी उघडते आणि कडा मोकळ्या आहेत का ते बघते.

मी शिकत होते ते १९८० नंतरचे दिवस. मुंबईतल्या पालिका रुग्णालयाची प्रयोगशाळा. झायलीनचा वास केसांत घेऊनच लोकल पकडायची. मायक्रोटोमची पोलादी सुरी आमचे टेक्निशियन स्वतः घासून धार लावत आणि दुसऱ्या कुणाला तिला हात लावू देत नसत. जठर कशातून येईल याचा नेम नसे. बाहेरगावी ऑपरेशन झालं असेल तर नातेवाईक ते एस.टी.तून मांडीवर घेऊन यायचे, कधी लोणच्याच्या बरणीत, कधी हॉर्लिक्सच्या बाटलीत. फॉर्मलिन पुरेसं असलं तर नशीब; कित्येकदा नुसतं सलाईन, आणि आत अर्धवट सडलेला तुकडा.

ते जठर मोठ्या वक्रतेवरून उघडायचं, फळीवर पसरायचं आणि चरबीत बोटं घालून लसिकाग्रंथी शोधायच्या. डोळ्यांपेक्षा बोटांना त्या आधी कळतात. कधीकधी गाठ अशी नसायचीच. सगळी भिंत जाड, ताठ, आतल्या घड्या पुसलेल्या. पुस्तकात त्याला लायनायटिस प्लास्टिका म्हणत. ब्रिंटन या इंग्रज डॉक्टरने १८५९ मध्ये दिलेलं नाव. नमुने कापायला मदत करणारे आमचे ग्रॉसिंगचे मामा म्हणत, ‘बाई, ही बघा पखाल.’ ती पखाल दिसली की वॉर्डात फोन करायची गरज नसे. सर्जननी पोट उघडलं तेव्हाच त्यांना कळलेलं असायचं.

मग वॉर्डाच्या दाराशी तो प्रश्न यायचा: ‘डॉक्टर, किती दिवस?’ उत्तर ठरलेलं, ‘चार-सहा महिने.’ हा आकडा कुठून आला हे मी एकदा आमच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘अनुभवातून,’ आणि पुढची स्लाइड लावली. हा आकडा फक्त नातेवाइकांना मिळे. पेशंटला ‘अल्सर आहे, औषध चालू ठेवा’ एवढंच. ‘आनंद’ पाहिलेल्या आमच्या पिढीला सहा महिन्यांचा हिशेब नवा नव्हता, पण राजेश खन्नाला निदान आपला आजार माहीत होता. कुरोसावाच्या १९५२ च्या ‘इकिरू’ या चित्रपटातल्या सरकारी अधिकाऱ्याला जठराचा कॅन्सर असतो आणि डॉक्टर त्याला किरकोळ अल्सर म्हणून घरी पाठवतात. म्हणजे टोकियो आणि परळ यांत तेव्हा फार अंतर नव्हतं. पुढे मात्र पडलं. जपानने साठच्या दशकात क्ष-किरण यंत्रं गाड्यांवर चढवून लोकांच्या दारात नेली, १९६२ मध्ये ‘अर्ली गॅस्ट्रिक कॅन्सर’ची व्याख्या ठरवली, आणि भिंतीच्या वरच्या थरांत असतानाच गाठी पकडायला सुरुवात केली. आमच्याकडचा पेशंट आधी वर्षभर खायचा सोडा, मग ओवा, मग जेलुसिल, मग रॅनिटिडिन असा रस्ता चालून यायचा. शिवाय ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ हे घरातलं कुणीतरी वडीलधारं सांगत असेच. पोट उघडून तसंच शिवलं जाण्याचं प्रमाण बघता त्या समजुतीला पुरावा मिळत होता, एवढंच.

त्या काळच्या डोळ्यांना मात्र मी कमी लेखणार नाही. फिनलंडच्या तुर्कू शहरातल्या पेक्का लॉरेनने १९६५ मध्ये तेराशेहून अधिक जठरं बघून दोन गट पाडले. एक ‘इंटेस्टायनल’: पेशी आतड्यातल्यासारख्या नळ्या करून राहतात. दुसरा ‘डिफ्यूज’: पेशी एकमेकींना धरत नाहीत, सुट्या होऊन भिंतभर पसरतात, पोटात श्लेष्म भरून केंद्रक कडेला ढकलतात. याच त्या सिग्नेट रिंग पेशी. पखालीचं कूळ यातलंच. साधनं काय, तर जांभळा-गुलाबी रंग आणि एक मायक्रोस्कोप. १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या एका मोठ्या माओरी कुटुंबात, जिथे तरुण माणसं याच प्रकारच्या कॅन्सरने जात होती, सीडीएच-वन या जनुकातला दोष सापडला. ते जनुक ई-कॅडहेरिन बनवतं, पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं प्रथिन. लॉरेनने जे डोळ्यांनी पाहिलं त्याचं कारण तेहेतीस वर्षांनी कळलं. त्या कुटुंबातली सदोष जनुक असलेली माणसं आता धडधाकट असतानाच जठर काढून घेतात. हे ऐकायला भयंकर वाटतं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मृत्यूंची यादी समोर ठेवली की कमी वाटतं.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे मार्कर आले ते पी-फिफ्टीथ्री या प्रथिनाच्या रूपाने. १९९३ मध्ये ‘सायन्स’ने त्याला वर्षाचा रेणू ठरवलं आणि त्यानंतर एम.डी.च्या प्रबंधांना विषय शोधायची गरज उरली नाही. जठरातलं पी-फिफ्टीथ्री, आतड्यातलं पी-फिफ्टीथ्री, स्तनातलं पी-फिफ्टीथ्री. मेणाच्या ब्लॉकमधलं प्रथिन अँटिबॉडीला दिसावं म्हणून स्लाइड सायट्रेट बफरमध्ये उकळाव्या लागत. त्यासाठी विभागाने रीतसर स्टेनलेस स्टीलचा प्रेशर कुकर मागवला, आणि खरेदी विभागाने ‘प्रयोगशाळेत स्वयंपाक का?’ अशी लेखी विचारणा केली. त्या कुकरच्या शिट्टीनंतर स्लाइडवर उमटलेला तपकिरी रंग पहिल्यांदा पाहिला, तेव्हा आता ‘किती दिवस’चं उत्तर खोलीतच आहे असं सगळ्यांना वाटलं होतं. तसं झालं नाही. एका अभ्यासात पी-फिफ्टीथ्री पॉझिटिव्ह पेशंट लवकर गेले, दुसऱ्यात फरक पडला नाही. मग केआय-सिक्स्टीसेव्हन आलं, मग आणखी काही, आणि अलीकडे दहा-वीस जनुकांचे स्कोअर. प्रत्येक गटाची यादी वेगळी आणि एका यादीतली नावं दुसरीत क्वचितच. कोण किती जगलं याच्या आलेखांवर दोन रेषा छान फाकतात. ओपीडीत बसलेल्या माणसासाठी त्यांचा उपयोग काय, हा प्रश्न मी परिषदांमध्ये विचारत असे आणि चहाची वेळ होत असे.

माझं मत असं झालं आहे की ज्या मार्करांना औषध लटकलं तेवढेच टिकले. २०१० मध्ये ‘टोगा’ चाचणीचे निष्कर्ष आले. हर-टू हे प्रथिन जास्त असलेल्या पुढच्या टप्प्यातल्या पेशंटना केमोबरोबर त्यावरचं औषध ट्रास्टुझुमॅब दिलं तर मध्यक आयुष्य ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेलं. पावणेतीन महिने! कुणी हसेल, पण त्या ‘चार-सहा महिन्यां’च्या दारात उभं राहिलेल्यांनी हसू नये. आम्हाला मात्र सगळं नव्याने शिकावं लागलं. स्तनाच्या गाठीत हर-टू पेशीच्या पूर्ण कडेला गोल रंगतं. जठरात ते बाजूंना आणि तळाला, इंग्रजी ‘यू’सारखं, वरची बाजू उघडी. जुना नियम लावला तर पॉझिटिव्ह पेशंट निगेटिव्ह ठरायचा. औषधाची किंमत ऐकून नातेवाईक उठून जात. २०१४ मध्ये बायोकॉनने देशी आवृत्ती बाजारात आणल्यावर निदान काहीजण बसून पुढचं ऐकू लागले.

त्याच वर्षी अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम प्रकल्पाने २९५ गाठींवरून जठराच्या कॅन्सरचे चार रेण्वीय प्रकार मांडले, आणि पुढच्या वर्षी सोलच्या पेशंटच्या ३०० गाठींवरून आशियाई गटाने आपले चार. दुसऱ्या वर्गीकरणात आयुष्याचा अंदाज स्पष्ट दिसला: एमएसआय गट सगळ्यांत बरा, सुट्या, फिरस्त्या पेशींचा ईएमटी गट सगळ्यांत वाईट. या शेवटच्या गटात बहुतेक लॉरेनचे ‘डिफ्यूज’ आहेत. मी तो तक्ता पाहिला आणि मामांची आठवण आली.

एमएसआयबद्दल जरा सावकाश सांगते, कारण मला यातली सगळ्यांत विलक्षण गोष्ट तीच वाटते. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि चुका राहतात. त्या दुरुस्त करणारी प्रथिनं नसली की चुका साठत जातात, तेच एमएसआय. ब्रिटनमधल्या ‘मॅजिक’ चाचणीत १९९४ ते २००२ या काळात ५०३ पेशंट घेतले होते. निम्म्यांना नुसती शस्त्रक्रिया, निम्म्यांना तिच्या आधी आणि नंतर केमो. २००६ मध्ये निकाल लागला: पाच वर्षं जगणारे २३ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर. युरोपभर तोच उपचार रूढ झाला. त्या पेशंटचे मेणाचे ब्लॉक कपाटात राहिले. पुढे कुणीतरी ते बाहेर काढले, एमएसआय तपासलं आणि २०१७ मध्ये छापलं. ज्या थोड्या पेशंटमध्ये दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली होती त्यांच्यात उलटंच घडलं होतं. नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांत अर्धे दगावण्याची वेळच आली नव्हती. केमो मिळालेल्यांचं मध्यक आयुष्य ९.६ महिने. माणसं मूठभर, त्यामुळे सावधपणेच बोलायला हवं. पण २०१९ मध्ये चार चाचण्यांतल्या दीड हजारांहून जास्त पेशंटची माहिती एकत्र केली, तेव्हाही एमएसआय गटात पाच वर्षं जगणारे ७७.५ टक्के निघाले आणि बाकीच्यांत ५९.३. केमोचा फायदा त्या गटात दिसला नाही. २०२२ मध्ये फ्रान्समध्ये याच गटाच्या पेशंटना शस्त्रक्रियेआधी केमोऐवजी इम्युनोथेरपी दिली. ऑपरेशन झालेल्या २९ जणांपैकी १७ जणांच्या काढलेल्या जठरात जिवंत कॅन्सर शिल्लकच नव्हता. अशा नमुन्यात पॅथॉलॉजिस्ट सगळी जागा कापून, सगळे ब्लॉक लावून गाठ शोधत बसतो आणि सापडत नाही. आमच्या काळात गाठ सापडली नाही तर टेक्निशियनला बोलणी बसायची.

आणि या गटाचा पहिला अंदाज कुठल्याच प्रयोगशाळेत वर्तवला गेला नाही. १८९५ मध्ये मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला एका शिवणकाम करणाऱ्या बाईने अल्ड्रेड वॉर्थिन या पॅथॉलॉजिस्टला सांगितलं, की आमच्या घरात जठर, आतडं नाहीतर गर्भाशय यांच्या कॅन्सरने माणसं जातात, मीही तशीच लवकर जाणार. ती गेली, गर्भाशयाच्या कॅन्सरने. वॉर्थिनने घराण्याची वंशावळ मांडून १९१३ मध्ये ती छापली. दुरुस्तीच्या त्या चार प्रथिनांपैकी एक बनवणाऱ्या एमएसएच-टू जनुकातला त्या घराण्यातला दोष सापडायला २००० साल उजाडलं.

अंदाज करायचा तर कोण किती जगलं हे आधी माहीत हवं, आणि आमच्याकडे तेच नसायचं. समाजसेवा विभागातून पेशंटच्या पत्त्यावर जोडकार्ड जायचं. काही कोरी परत येत, बरीच येत नसत. एखाद्यावर ‘अमुक तारखेस देवाज्ञा झाली’ आणि खाली ‘आपण फार केलेत’. १९६३ ची मुंबईची कॅन्सर नोंदणी होती, पण ती शहराची. १९८७ मध्ये बार्शीला ग्रामीण नोंदणी सुरू झाली आणि कार्यकर्ते गावोगाव, घरोघर जाऊन विचारू लागले. जठराच्या कॅन्सरचा भारतातला खरा प्रदेश मिझोराम, आपला नव्हे. तरीही आपल्या खेड्यांतला पेशंट निदानानंतर किती जगतो हे माहीत असणं मला कुठल्याही नव्या जनुकाच्या यादीइतकंच मोलाचं वाटतं.

आता ब्लॉकला फॉर्मलिन किती तास मिळालं हेही रिपोर्टवर लिहावं लागतं. गाठ शरीराबाहेर कधी आली, फॉर्मलिनमध्ये कधी पडली, सगळ्याची नोंद. गॅस्ट्रोस्कोपीत पूर्वी एक-दोन तुकडे यायचे; आता आम्ही सहा ते आठ मागतो, कारण जठरात हर-टू एका कोपऱ्यात असतं आणि शेजारी नसतं. तरुण एन्डोस्कोपिस्ट कुरकुरतात. कुरकुरू देत.

मध्यंतरी विद्यार्थिनीकडे चाळिशीची एक बाई आली. वडील तरुणपणी जठराच्या कॅन्सरने गेलेले, नुकतंच भावाला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं निदान झालेलं आणि त्याचे कागद दुसऱ्या शहरात. वडिलांचा ब्लॉक आश्चर्य म्हणजे सापडला, वर आमच्याच काळच्या हस्ताक्षरातला क्रमांक. दुरुस्तीच्या चारही प्रथिनांसाठी रंगवला. गाठ रंगली नाही, पण गाठीशेजारच्या निरोगी पेशी, ज्या रंगायलाच हव्यात, त्याही रंगल्या नाहीत. फॉर्मलिनच नीट पोहोचलं नव्हतं. ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असा रिपोर्ट गेला, भावाचा ब्लॉक मागवण्याचं पत्र गेलं, आणि बाईचं रक्त जनुक तपासणीला पाठवलं. रिपोर्टला तीन-चार आठवडे लागतील असं तिला सांगितलं आहे.