डिस्क शंभर टक्के!

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप. तीन बटणं एकदम दाबायची, बस्स! इतकी वर्षं घरात कॉम्प्युटर आहे, त्यावर मी पाचवी ते दहावीच्या मुलांच्या प्रश्नपत्रिका तयार करते, विजेचं बिल भरते, नणंदेशी व्हिडिओ कॉलवर तासभर बोलते. आणि या तीन बटणांमागे काय उघडतं हे मला आत्ता कळलंय. कळल्यापासून जो भेटेल त्याला सांगतेय. आमच्या कळव्यात, खारेगावच्या बाजारात सांगितलं, क्लासला मुलांना सोडायला येणाऱ्या आयांना सांगितलं, आता तुम्हाला सांगते.

आमचा कॉम्प्युटर गेल्या वर्षापासून फारच मंदावला होता. सकाळी बटण दाबायचं, चहा टाकायचा, गाळायचा, पिऊन कपबशा विसळायच्या, तरी पडद्यावर गोल फिरतंच आहे. प्रश्नपत्रिकेत एक ओळ टाइप करावी आणि अक्षरं मागाहून उमटावीत. विचारलं त्या प्रत्येकाकडून दोनच सल्ले आले: ‘फॉरमॅट मारून टाका’ किंवा ‘आता नवीनच घ्या’. मला तेव्हाही खटकायचं. ताप आला तर डॉक्टर आधी तपासतात ना? मग इथे कुणीच का विचारत नाही, की नेमकं काय मंद झालंय?

ते विचारलं माझ्या डोंबिवलीच्या भाच्याने. फोनवर म्हणाला, “मावशी, काहीही पुसायचं नाही, काहीही विकत आणायचं नाही. आधी नुसतं बघायचं. बघितल्याने काही बिघडत नाही.” आणि त्याने ती तीन बटणं सांगितली.

टास्क मॅनेजर! मायक्रोसॉफ्टमधल्या डेव्ह प्लमर नावाच्या माणसाने हा प्रोग्रॅम लिहिला आणि १९९६ च्या विंडोज एनटी ४.० पासून तो विंडोजमध्ये आहे. म्हणजे ज्या काळात आपल्याकडे घरात कॉम्प्युटर असणं ही अख्ख्या सोसायटीला सांगण्याची गोष्ट होती, तेव्हापासून तो तिथे आहे! पडद्यावर आडवी यादी: प्रोसेसर किती टक्के, मेमरी किती टक्के, डिस्क किती टक्के, नेटवर्क किती टक्के. यंत्र स्वतःच स्वतःचा हिशोब मांडून बसलेलं असतं.

आमच्या यादीत प्रोसेसर ९ टक्के. निवांत! मेमरी ८८ टक्के. आणि डिस्क? डिस्क १०० टक्के, लालभडक, हलायला तयार नाही. मग ‘परफॉर्मन्स’ या भागात गेले आणि तिथे जे पाहिलं त्याने मी खुर्चीतून उठलेच. शंभर टक्के गुंतलेली ही डिस्क सेकंदाला माहिती वाचत होती जेमतेम दीड-दोन एमबी. इतकं दमायचं आणि इतकंच वाचायचं? हे कसं शक्य आहे?

शक्य आहे, आणि का शक्य आहे ते कळलं तो माझा या सगळ्यातला सर्वात मोठा आनंद. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरच एक तबकडी फिरत असते. घरच्या डेस्कटॉपमधली बहुतेक वेळा मिनिटाला ७,२०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला १२०! तबकडीच्या वर केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी अंतर ठेवून एक इवलासा वाचक हातावर तरंगत असतो. एखादी फाइल हवी झाली की तो हात योग्य वर्तुळावर सरकवायचा, मग फिरत फिरत हवी ती जागा त्याच्याखाली येईपर्यंत थांबायचं. दोन्ही मिळून सेकंदाचा साधारण पंच्याहत्तरावा-ऐंशीवा भाग जातो. ऐकायला तो क्षणभर वाटतो, पण मग हिशोब करा. इकडेतिकडे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला जास्तीत जास्त ७५-८० तुकडे! आणि विंडोज सुरू होताना, अँटिव्हायरस तपासत असताना, ब्राउझर उघडताना, अपडेट उतरत असताना हजारो तुकडे एकदम मागितले जातात. तबकडी बिचारी वाचण्यापेक्षा धावण्यातच वेळ घालवते. आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि मावत होती सुमारे ५ एमबी माहिती. आज तबकडी तळहातात मावते, क्षमता लाखो पटींनी वाढली. पण हात सरकवा आणि वाट बघा, ही पद्धत मुळात तीच राहिली!

आणि मेमरीचे ते ८८ टक्के? त्याचाही इथेच संबंध. आमच्याकडे ही मेमरी, म्हणजे रॅम, ४ जीबी. ती भरत आली की विंडोज तिच्यातला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. म्हणजे रॅमची ओढाताणसुद्धा शेवटी त्याच दमलेल्या तबकडीच्या माथी! एक धागा ओढला आणि सगळी गाठ सुटली.

आता काम करायचं, पण भाच्याचा नियम पक्का: आधी प्रत काढायची, मग हात लावायचा. बाहेरची यूएसबी डिस्क जोडली आणि फोटो, प्रश्नपत्रिका, बँकेचे कागद, सगळं उतरवून घेतलं. इथे एक गोष्ट मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगावीशी वाटते. युनिकोड सर्रास होण्याआधी आपण पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत, सी-डॅकच्या आयएसएममध्ये किंवा कृतिदेवमध्ये टाइप करायचो. त्या फाइलींमध्ये मराठी अक्षरं मराठी म्हणून साठवलेली नसतात. तो फॉन्ट असेल तरच ती मराठी दिसतात, नाहीतर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग. फाइल जपली आणि फॉन्ट फॉरमॅटमध्ये उडाला, तर हातात काय उरलं? म्हणून विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधले ते फॉन्टसुद्धा उचलून ठेवा. माझ्या सासऱ्यांनी टाइप केलेली कुलवृत्तांताची फाइल आहे. ती उघडून, वाचून, फॉन्टसकट दुसरीकडे उघडते याची खात्री करूनच मी पुढे गेले. प्रत काढणं म्हणजे प्रत उघडून बघणं, हे तेव्हा मनात पक्कं बसलं.

मग डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक फुकट जपानी प्रोग्रॅम आहे. हार्ड डिस्क स्वतःच्या दुखण्यांची नोंद स्वतः ठेवत असते, हा प्रोग्रॅम ती फक्त वाचून दाखवतो. ठीक असेल तर निळा रंग, सावध व्हायचं असेल तर पिवळा. आमचा पिवळा! वाचता न येणारे काही भाग तिने वेगळे नोंदवून ठेवले होते. विचार करा, या डिस्कवर तासन्‌तास विखुरलेले तुकडे जुळवणारं डीफ्रॅग चालवलं असतं, वरून फॉरमॅट मारला असता, तर बिचारीवर आणखी ताण, आणि दुखणं तिथेच. म्हणूनच पहिली पायरी प्रतीची!

फुकटातला उपायही करून बघितला. टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप’ नावाचा भाग आहे. कॉम्प्युटर सुरू होताना कोण कोण मागच्या दाराने आत येतं त्याची ती यादी, आणि कोण किती भार टाकतं तेही पुढे लिहिलेलं. कधीतरी एका मीटिंगसाठी घेतलेलं ॲप, मागच्या प्रिंटरचा मदतनीस, मुलाच्या जुन्या खेळाचा प्रोग्रॅम, मुदत संपलेलं अँटिव्हायरस. ‘डिसेबल’ केलं की प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही. वाटलं तर परत चालू करता येतो. ही परत फिरता येण्याची सोय मला फार आवडली. एवढ्यानेच फरक जाणवला!

नेटवर ‘एका क्लिकमध्ये कॉम्प्युटर सुसाट’ म्हणणारे रजिस्ट्री क्लीनर भरपूर मिळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. खुद्द मायक्रोसॉफ्ट त्यांना पाठिंबा देत नाही. आणि ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ अशी खिडकी उघडली तर तो फोन कधीही करायचा नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले होते, आठवतं? तिथून अमेरिकेतल्या लोकांना कर खात्याचे अधिकारी म्हणून फोन जात होते. घाबरवायचं आणि घाईत पैसे काढायचे, युक्ती हीच. फसवणूक झालीच तर १९३० हा सायबर मदतीचा क्रमांक आहे, तो लगेच फिरवायचा.

आणि मग एसएसडी! यात तबकडी नाही, हात नाही, फिरणं नाही. फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोशिबामध्ये शोधलेली, १९८७ साली जगासमोर आलेली नँड फ्लॅश मेमरी. सगळं चिपमध्ये, त्यामुळे कुठलाही तुकडा मागा, वाट बघणं जवळजवळ नाहीच. हार्ड डिस्क सेकंदाला ७५-८० विखुरलेले तुकडे देते, साधी साटा एसएसडी हजारोंनी देते! आणायला थेट लॅमिंग्टन रोड गाठला. कळव्याहून स्लो लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. काय ती दुकानं! भिंतभर केबल, रॅमच्या पट्ट्या काचेखाली मांडलेल्या, आणि दुकानदाराला मदरबोर्डचं नाव सांगितलं की तो न बघता सांगणार, यात डीडीआर३ लागते की डीडीआर४. एसएसडी घेतली, आमच्या बोर्डला चालणारी आणखी ४ जीबी रॅम घेतली, यूएसबीला जोडायची केबल घेतली. सगळं मिळून नव्या कॉम्प्युटरच्या किमतीचा छोटासा हिस्सा.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवली. ते सुरू करण्याआधी यूपीएस तपासला होता, कारण मध्येच वीज गेली तर सगळं पुन्हा. मग कॉम्प्युटर बंद, प्लग भिंतीतून काढलेला, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवलेली, आणि स्क्रू काढून बाजूचा पत्रा बाजूला!

आत कळवाच होता हो! रस्त्याच्या कामांची बारीक धूळ, आणि खाडीवरून येणाऱ्या दमट वाऱ्याने ती पंख्याच्या पात्यांवर लेपासारखी बसलेली. मऊ ब्रशने हळूहळू काढली, पंखा बोटाने धरून ठेवला म्हणजे गरगर फिरत नाही. रॅमच्या पट्टीची सोनेरी टोकं खोडरबराने अलगद पुसली. वीज पुरवणाऱ्या त्या जड डब्याला, एसएमपीएसला, मात्र उघडायचं नाही: प्लग काढल्यावरही त्यात विजेचा भार साठून राहू शकतो. लॅपटॉपची फुगलेली बॅटरी दिसली तरी तसंच, हात मागे घ्यायचा आणि जाणकाराकडे द्यायची.

दोन केबल जोडल्या, जुनी डिस्क काढून नाव-तारीख लिहून कपाटात ठेवली. तीच विंडोज, तीच खिडकी, तेच आयकॉन जिथल्या तिथे. बटण दाबलं. चहाचं आधण ठेवायलाही सवड मिळाली नाही! टास्क मॅनेजर उघडला: डिस्क ३ टक्के. तीन! मी नणंदेला व्हिडिओ कॉल लावून तो आकडा दाखवला.

आता माझं लक्ष विंडोज १० कडे आहे. तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि नवा प्रोसेसर लागतो. आमच्या बोर्डवर ते बसणार नाही. पण विंडोजऐवजी लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून डिस्कला हात न लावता चालवून बघता येतं, ते कळल्यापासून माझा एक पेनड्राइव्ह त्यासाठीच राखून ठेवलाय.

आणि परवा तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी हाक मारली, “अहो बाई, तुमच्यासारखीच ती एसएसडी मलाही बसवून द्या.” मी म्हटलं, “आजोबा, आधी बघू या!” तीन बटणं दाबली. डिस्क ४ टक्के. त्यांच्याकडे एसएसडी आधीच होती! पण प्रोसेसरचा वेग त्याच्या नेहमीच्या वेगाच्या निम्म्यावर अडकलेला, आणि पंख्याचा आवाज अख्ख्या खोलीभर. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. कॅबिनेट भिंतीला चिकटून, वर क्रोशाचं कव्हर, जाळीवर धुळीचा जाड थर. प्लग काढला, कव्हर घडी करून आजींच्या हाती दिलं, आणि मी ब्रश आणायला जिना उतरले.