चार मीटर खोलीवरचा गारवा

एखाद्या उद्योगसमूहाचे प्रशिक्षण वा संशोधन संकुल पर्यावरणस्नेही आहे असे सांगताना पाहुण्यांना बहुधा गच्चीवरची सौर पॅनेल आधी दाखवली जातात. परंतु ज्याने वास्तुरचना हा व्यवसाय म्हणून केला आहे त्याला या क्रमातच चूक दिसते, कारण वीज कोठून आणावी हा प्रश्न तिची गरज किती कमी करता येईल या प्रश्नानंतरचा आहे. हा क्रम निष्ठेने पाळलेले एक उदाहरण हरियाणात, गुडगावजवळच्या ग्वाल पहाडी येथे आहे. टाटा ऊर्जा संशोधन संस्था म्हणून १९७४ साली स्थापन झालेल्या आणि पुढे 'टेरी' या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या संस्थेने तेथे 'रिट्रीट' हे निवासी प्रशिक्षण केंद्र बांधले असून त्याचे वास्तुरचनाकार संजय प्रकाश आहेत.

दिल्लीच्या परिसरात मे महिन्यात हवा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते आणि जानेवारीच्या रात्री ती दहाच्याही खाली उतरते. जमिनीखाली ४ मीटरवर मात्र माती वर्षभर सुमारे २६ अंशांवर राहते, कारण उष्णता मातीतून इतकी सावकाश झिरपते की उन्हाळ्याची धग तेथवर पोचेपर्यंत वर ऋतू पालटलेला असतो. विहिरीचे पाणी उन्हात गार आणि थंडीत कोमट लागते ते याच कारणाने. रिट्रीटमध्ये या खोलीवर प्रत्येकी सुमारे ७० मीटर लांबीचे चार नळ पुरले आहेत. पंखे बाहेरची हवा त्यांत ढकलतात, वाटेत ती मातीला आपली उष्णता देते (थंडीत उलट मातीची ऊब घेते) आणि मग निवासाच्या खोल्यांत येते; खोल्यांतली तापलेली हवा छतावरच्या सौर चिमण्यांतून, म्हणजे उन्हाने आतली हवा हलकी होऊन वर चढेल अशा उभ्या पोकळ्यांतून, बाहेर पडते.

या नळांची, म्हणजे हवेच्या भुयारांची, कल्पना सर्वांना मोहवते, पण तिच्यात फार बळ नसते, आणि ते पुरे पडते याचे श्रेय आधी केलेल्या साध्या कामांना द्यायला हवे. भिंतींना उष्णतारोधक थर आहे. छतावर व्हर्मिक्युलाइटचे, म्हणजे तापवून फुगवलेल्या अभ्रकासारख्या हलक्या खनिजाचे काँक्रीट असून त्यावर ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवले आहेत. इमारतीचा काही भाग जमिनीत उतरवला आहे. आणि दक्षिण-पूर्वेकडची पानगळीची झाडे उन्हाळ्यात सावली धरतात व थंडीत पाने गाळून ऊन आत सोडतात. यांपैकी काहीही छायाचित्रात उठून दिसत नाही. ते दिसते छेदचित्रात, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणाऱ्या आराखड्यात, आणि म्हणूनच अशा कामाचा आरंभ दर्शनी चित्रापासून करणारा रचनाकार पहिल्याच दिवशी वाट चुकतो.

खरी कसोटी पावसाळ्याची असते. माती हवेला थंड करते, परंतु २६ अंशांवर दमट हवेतला ओलावा पुरेसा गळून पडत नाही, आणि घाम सुकत नसेल तर थंड हवाही जडच वाटते. त्यामुळे रिट्रीटच्या रचनेत त्या महिन्यांसाठी अमोनियावर चालणारी शीतयंत्रे भुयारांच्या जोडीला घेतली गेली. ही तडजोड उणेपणाची नाही; निसर्गाचे साधन कोठे थांबते हे आधीच ओळखून यंत्राला तेवढीच जागा देणे हे या कलेतले परिपक्व काम आहे.

अहमदाबाद-गांधीनगर दरम्यानच्या भाट येथील टॉरेंट या औषधनिर्मात्या उद्योगाच्या संशोधन केंद्रात मातीऐवजी पाण्याचा आधार घेतला आहे. निमिष पटेल आणि पारुल झवेरी यांच्या 'अभिक्रम'ने रचलेल्या या संकुलात उंच मनोऱ्यांच्या तोंडाशी पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार सोडले जातात. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते, हवा गार व जड होऊन मधल्या मोकळ्या जागेतून प्रयोगशाळांत उतरते, आणि कडेच्या मनोऱ्यांतून बाहेर जाते. माठ आणि वाळ्याचे पडदे ज्यांनी वापरले आहेत त्यांना यातले विज्ञान नवे नाही. नवे आहे ते घरगुती युक्तीला प्रयोगशाळांच्या शिस्तीत बसवण्याचे धैर्य. येथेही सगळी प्रयोगशाळा-दालने या पद्धतीवर सोपवलेली नाहीत, काही वातानुकूलितच आहेत, आणि हवा दमट होताच तुषार बंद करून पंख्यांवर भिस्त ठेवावी लागते. पावसाळा लागताच कूलर माळ्यावर चढवणाऱ्या विदर्भाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

मुंबई किंवा कोकण किनाऱ्यावर भाटची नक्कल निरुपयोगी ठरेल, कारण तेथे हवा आधीच ओली असते. नागपूर, अकोला, जळगाव येथे मात्र तिचा विचार काचेच्या बंद, वातानुकूलित पेटीसारख्या इमारतीआधी व्हायला हवा. तेथे संकुल बांधू पाहणाऱ्या संस्थांनी रचनाकाराकडे प्रथम छेदचित्र आणि बारा महिन्यांच्या तापमान-आर्द्रतेचा हिशेब मागावा, आणि भाटचे मनोरे एकदा मे महिन्यात व पुन्हा एकदा ऑगस्टमध्ये जाऊन पाहावेत.