ठासणीची

आजोबांची बंदूक ठाण्यात जमा करून आलो, तेव्हा पडवीतल्या खुंटीला दारूचं शिंगडं तेवढं लटकत राहिलं होतं. शेजारी सुतळीला बांधलेलं बांबूचं पेर.

सावंतवाडीकडच्या आमच्या वाडीत तिला कुणी नुसती बंदूक म्हटलं नाही. ठासणीची. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. ठाण्यातल्या तरुण कॉन्स्टेबलने विचारलं, "हिचं काडतूस कुठलं?" काय सांगणार? बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या, नळीत बसतील अशा किती गोळ्या होतात, तो आकडा. आमच्या बंदुकीला तो कुणी विचारलाच नव्हता. बांबूचं ते पेर भरून दारू, एवढाच तिचा हिशेब, आणि तो आजोबांच्या बोटांत होता.

पेरभर दारू नळीत ओतायची, वर सोडणाचा काथ्या, मग गजाने ठासायचं. गज आधी किणकिण वाजे. काथ्या घट्ट बसला की आवाज बद्द होई. आजोबा भलतीकडे बघत तो आवाज ऐकत. मला घाई. "सावकाश रे, हिका घाई चलना नाय." सगळ्यात शेवटी घोड्याखाली केप.

त्या केपेच्या मुळाशी एक स्कॉटिश पाद्री आहे, अलेक्झांडर फॉर्साइथ. चकमकीची ठिणगी दिसताच पाखरं उडून जात, म्हणून वैतागून त्याने ठोक्याने पेटणाऱ्या दारूची युक्ती काढली आणि १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. शिकार पळू नये म्हणून केलेली ती खटपट आमच्या खाचरापर्यंत आली ती उलटी होऊन. आम्हाला जनावर पळायलाच हवं होतं.

भात पसवलं की आजोबा रात्री माळ्यावर बसत. छर्रे भरतच नसत. डुकरांना नुसता आवाज पुरे. बार उडाला की पांढरा धूर दवात बराच वेळ रेंगाळे आणि पलीकडच्या वाडीतलं कुत्रं भुंकायला लागे. १८८४ साली फ्रान्समध्ये पोल व्हिएयने बिनधुराची दारू केली आणि जगभरच्या फौजांनी काळ्या दारूला निरोप दिला. आमच्या खाचरात ती खबर शंभर वर्षांनंतरही पोचली नव्हती.

काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही, मळ होऊन नळीत बसतो. नळी धुतली नाही तर गंज ठरलेला. म्हणून पहाटे पहिलं आधण बंदुकीचं. चहा मागाहून. आजीची त्यावरची कुरकुर लग्नाइतकी जुनी होती.

आता कुंपणाला झटका मशीन आहे. रात्रभर टिकटिकतं. यंदा भात पसवलं तेव्हा मी पेर खाली काढून हातात घेतलं, काठोकाठ भरायचं की बोटभर कमी, काही केल्या आठवेना.

पलीकडच्या वाडीत कुत्रं आहे अजून. टिकटिकीला ते भुंकत नाही.