जिभेआधी गळा

तारापूर एमआयडीसीतल्या रसायनांच्या आणि औषधांच्या बऱ्याच कारखान्यांचा कच्चा माल चीनमधून येतो. खरेदी विभागात काम करताना समोरच्याशी त्याच्या भाषेत चार वाक्यं बोलता यावीत असं मला फार वाटायचं, म्हणून मँडरिन शिकायला घेतली. घाबरवलं ते एका अक्षराच्या शब्दानं. ‘माइ’ खालच्या, दबलेल्या तिसऱ्या सुरात म्हटलं तर विकत घेणं. वरून झटक्यात उतरणाऱ्या चौथ्या सुरात म्हटलं तर विकणं. खरेदीचं बोलणं सगळं या एका उतारावर उभं.

वर्णांची भीती मात्र अनाठायी होती. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत म्हणजे पिनयिन; ती आपण इंग्रजीसारखी वाचतो आणि तिथेच अडतो. पिनयिनमधला ‘बी’ म्हणजे जवळजवळ आपला प, ‘पी’ म्हणजे ओठ मिटून उच्चारलेला, ‘फळ’मधला फ, ‘डी’ आणि ‘टी’ हे त आणि थ यांच्या जवळचे. हवा सोडायची की रोखायची, हा भेद इंग्रज विद्यार्थ्याला मुद्दाम शिकवावा लागतो. आपण तो बाराखडीबरोबर शिकलेलो असतो. ‘झेड’चा उच्चार ‘चमचा’तल्या चसारखा, ‘जे’चा ‘चहा’तल्या चच्या जवळचा. मराठी माणसानं या वर्णांची टाचणं देवनागरीत काढावीत, असं माझं ठाम मत आहे.

उरतात सूर, आणि इथे भीती थेट गळ्यात शिरते. माणूस धास्तावला की स्वरतंतू ताणले जातात आणि आवाज चढतो. तिसऱ्या सुराला तर आवाज अगदी तळाला न्यावा लागतो. शिवाय खात्री नसली की शब्दाच्या शेवटी आपला आवाज प्रश्नासारखा वर जातो. ‘माइ’ असा वर चढला की दुसरा सूर होतो, आणि त्या सुरातल्या ‘माइ’चा अर्थ पुरणं. म्हणजे मँडरिनमध्ये संकोच हा नुसता मनाचा राहत नाही, तो शब्दच बदलतो. ‘आधी उच्चार पक्का करा, मग बोला’ हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही. न बोलता सैल होणारा गळा मी तरी पाहिलेला नाही.

ही धास्ती चिनी भाषेनं आणलेली नाही. आपल्या किनाऱ्यावर आगरी-कोळी घरांत ‘पाणी’चं ‘पानी’ होतं, ळचा ल होतो. अशा घरातलं मूल वर्गात तोंड उघडतं, हशा पिकतो, आणि पुढे ते हळूच बोलायला लागतं. त्या मुलानं मोठेपणी कुठलीही परकी भाषा घेतली तरी तो हशा त्याच्या कानात असतो. पालघर जिल्ह्यात वारली, वाडवळी, मांगेली, गुजराती, हिंदी कानावर घेत मुलं वाढतात. इतके सूर ऐकलेला कान ही खरं तर केवढी मोठी शिदोरी!

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. युद्ध चालू असताना ते तिथे चिनी बोलायला आणि वाचायला शिकले. डिसेंबर 1942 मध्ये ते तिथेच वारले. जखमी सैनिकाला कुठे दुखतंय हे विचारताना सूर बिनचूक लागण्याची वाट पाहायला त्यांना सवड कुठली असणार? समोरच्याचं दुखणं आपल्या उच्चारापेक्षा मोठं वाटलं की बोलणं आपोआप सुटतं, असं मला वाटतं.

बोईसर-उमरोळी-पालघर या टप्प्यात लोकलच्या खडखडाटात मी अख्खी वाक्यं मोठ्यानं म्हणतो. सुटे शब्द घोकत नाही, कारण सूर शेजाऱ्यानुसार बदलतात: ‘नी हाओ’मध्ये दोन तिसरे सूर लागोपाठ येतात, म्हणून त्यांतला आधीचा दुसऱ्या सुरासारखा चढतो. बोईसरला कुणी मँडरिनचा वर्ग काढलाच, तर सुरुवातीला एकेकाला उभं करून विचारू नये. सगळ्यांनी पाढ्यांसारखं एका आवाजात म्हणावं. दुरुस्त्या मागाहून करता येतात.