तळवे भिजतील इतके पाणी

शिकागोच्या मिलेनियम पार्कमधील क्राउन फाउंटनपाशी आईला नेले ते काहीशा धास्तीनेच. न्हाणीघरात पडल्यापासून ओल्या फरशीचे तिला भय वाटे. समोरासमोर ५० फुटी दोन काचेचे मनोरे. त्यांवर शहरातल्या सुमारे १,००० सामान्य रहिवाशांचे चेहरे आळीपाळीने उमटतात. शिल्पकार झाउमे प्लेन्सा यांची ही २००४ची कृती. चेहरा डोळे मिचकावतो, ओठांचा चंबू करतो आणि मुखातून धार सुटते. (हिवाळ्यात पाणी बंद, चेहरे मात्र असतात.) खाली काळ्या ग्रॅनाइटवर जेमतेम तळवे भिजतील इतकेच पाणी. तेवढ्यात एक सुरकुतलेला चेहरा उमटला. “माझ्याच वयाची दिसते,” आई म्हणाली. मग माझा दंड घट्ट धरून तिने चपला काढल्या.