दुसरं करडू कुठं गेलं?

मुलांसाठी लिहिते म्हटलं की लोक हमखास विचारतात, "आणि मोठ्यांसाठी काय लिहिता?" अशांना एकदा माझ्याबरोबर शाळेत न्यायला हवं.

परवा अकोले तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत गेले होते. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी मिळून १७ मुलं. गुरुजींनी शाल-श्रीफळाची भानगड ठेवली नव्हती, फार बरं वाटलं. (काही ठिकाणी सत्कारातच तास संपतो आणि पोरं उन्हात ताटकळतात.) सतरंजीवर बसले आणि माझी शेळीची गोष्ट वाचली. शेळीसारखं ओरडायला सगळे पुढं. पहिलीतला एक जण तर गोष्ट संपली तरी थांबेना.

मग तिसरीतली एक मुलगी उठली. "मॅडम, शेळीला दोन करडं झाली ना? मंग बाजारात जाताना एकच हाये. दुसरं कुठं गेलं?"

पुस्तक चाळलं. खरंच की! सहाव्या पानावर दोन करडं, अकराव्यावर एक. संपादकांनी वाचलं, चित्रकारानं चित्रं काढली, तीन आवृत्त्या निघाल्या, कुणाच्या लक्षात नाही. हिच्या घरी शेळ्या आहेत, ती मोजणारच. म्हटलं, बाळा, चुकलं माझं. तर मागून आवाज, "बिबट्यानं नेलं आसंल." "नाय, मामाला दिलं." "दूध पितं ना ते, म्हणून घरीच ठिवलं." पंधरा मिनिटं नुसता गलका. माझ्या पुस्तकावर अशी चर्चा कुठल्या संमेलनात झालेली नाही, खोटं कशाला सांगू.

निघताना पुस्तकांचं कपाट दिसलं. कुलूप! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं, त्यात गोष्टींची पुस्तकंही हवीत, असं स्पष्ट आहे. पुस्तकं होतीही. पण हरवली-फाटली तर भरून कोण देणार, ही गुरुजींची धास्ती. त्यांना तरी काय बोलणार? पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं, वर पट २० च्या आत. २०२३ मध्ये अशा शाळांच्या समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हापासून "आपली शाळा राहतीय का?" हे वाडीत चालूच आहे. जवळची दुसरी शाळा ओढ्यापलीकडं, चार किलोमीटरवर. ही आठ वर्षांची पोर पावसाळ्यात रोज तिकडं जाईल का, तुम्हीच सांगा.

गुरुजींना म्हटलं, फाटलेल्या पुस्तकांचे पैसे माझ्याकडून घ्या, पण किल्ली आणा. ते हसले. कुलूप गंजलेलं, खोबरेल सोडल्यावर कुठं उघडलं. पोरांनी 'किशोर'चे जुने अंक जमिनीवर पसरले. त्या मुलीनं मात्र माझंच पुस्तक मागितलं, पेन्सिल घेतली आणि अकराव्या पानावर शेळीशेजारी एक छोटं करडू काढून टाकलं.